गेमिंगसाठी लिनक्स की विंडोज? आधी गेमची यादी, मग कार्ड

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि हा प्रश्न हौशी लोकांपुरता राहिला नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. कंपनीतून निघालेला चौथ्या-सहाव्या पिढीचा आय-५ चा डबा आणि त्यात मागाहून टाकलेले सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, असा पीसी या अटीत बसत नाही. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. अट चुकवून ११ टाकून देणारे भेटतात. ते चालतेही, पण अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

लिनक्स फुकट आहे, जुन्या मशिनवर हलके चालते आणि आता बहुतेक गेम त्यावर चालतात. तरीही लगेच पेनड्राइव्ह शोधायला उठू नका. आधी कागदावर गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेले गेम लिहा. "कधीतरी खेळू" वाले सोडून द्या.

ऑनलाइन गेमपाशी घोडे अडते

लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात ते प्रोटॉनमुळे. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने हे २०१८ मध्ये आणले. गेम विंडोजकडे जी मागणी करतो ती प्रोटॉन लिनक्सला समजेल अशी करून देतो. डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीतले ११ पर्यंतचे चित्रकाम प्रोटॉनमधले डीएक्सव्हीके आणि १२ चे व्हीकेडी३डी लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन पद्धतीत बदलते. खाली विंडोजचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मात्र नसतो.

व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट (फसवून खेळणारे पकडणारा प्रोग्राम) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, मशिन सुरू होतानाच बसतो. लिनक्सवर त्याला बसायला जागाच नाही, त्यामुळे व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि व्हर्च्युअल मशिनमध्येही चालत नाही. लीग ऑफ लेजंड्सलाही २०२४ मध्ये व्हॅनगार्ड लागला, तोही गेला. फोर्टनाइट, पबजी बॅटलग्राउंड्स, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग, रेनबो सिक्स सीज, बॅटलफील्ड ६, ईए एफसीचे अलीकडचे भाग, सगळ्यांचे उत्तर 'नाही'. एपेक्स लेजंड्स आधी चालायचा. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीने स्वतःच लिनक्सचे दार लावले. जीटीए ५ ची स्टोरी चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हा अँटी-चीट लावल्यापासून जीटीए ऑनलाइन चालत नाही.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ पासून प्रोटॉनला आधार दिला आहे, पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. म्हणून त्याच ईझी अँटी-चीटचा एल्डन रिंग लिनक्सवर ऑनलाइन चालतो आणि फोर्टनाइट चालत नाही. यात तुमच्या हातात काही नाही. 'ही फाइल टाकली की लिनक्सवर व्हॅलोरंट चालतो' असे सांगणारा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका. अकाउंट बॅन झाले तर परत मिळवणे अवघड.

यादीत यातला एकही गेम असेल आणि तो तुम्ही रोज मित्रांबरोबर खेळत असाल, तर विंडोज ठेवा. प्रश्न मिटला.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्ससाठीच बनलेले आहेत. अपवाद एकच. फेसइट या स्पर्धांच्या साइटवर सामने खेळत असाल तर त्यांचा अँटी-चीट लिनक्सवर नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चालते. विचर ३, सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २, एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती अशा एकट्याने खेळायच्या गेमला फारशी अडचण नाही. यादीतल्या प्रत्येक गेमचे नाव प्रोटॉनडीबी या साइटवर टाका. वरचा प्लॅटिनम-गोल्डचा शिक्का बघून थांबू नका. खाली उतरा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्याच जातीच्या कार्डावर कोणी काय लिहिले आहे ते वाचा. शिक्का जुन्या-नव्या सगळ्या अनुभवांवरून पडतो, अपडेटने कालच मोडलेला गेम त्यात दिसत नाही.

मोबाइलचे गेम पीसीवर खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. ब्लूस्टॅक्स लिनक्ससाठी नाही. वेड्रॉइड आहे, पण स्पर्धेच्या गेमसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आता कार्ड

एएमडी असेल तर लिनक्सवर सुख. आरएक्स ४७०, ५७०, ५८० ही पोलारिस कार्डे सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत. त्यांचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स संचातच असतो, वेगळे काही टाकावे लागत नाही. विंडोजवर एएमडीने ही कार्डे जुन्यांच्या रांगेत बसवली आहेत. लिनक्सवर त्यांना अजून नव्या मेसाचा फायदा मिळतो. अगदी नवे, आरएक्स ९००० मालिकेचे कार्ड असेल तर उलटी काळजी घ्या. लिनक्स मिंट २२ या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तयार आवृत्तीचा) मूळचा ६.८ कर्नल या कार्डापेक्षा जुना आहे. मग स्क्रीन काळी राहते किंवा रिझोल्यूशन कमीवर अडकते. अशा कार्डाला बॅझाइट किंवा फेडोरासारखे ताजे डिस्ट्रो घ्या.

एनव्हिडियाचे गणित थोडे गुंतागुंतीचे आहे. जीटीएक्स १६५० पासून पुढची कार्डे ठीक चालतात. जीटीएक्स ७५० टीआय, ९०० आणि १००० मालिकेसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे, त्यापुढचा ड्रायव्हर टाकला तर कार्ड ओळखले जाणार नाही. या जुन्या कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चे गेम लिनक्सवर बरेच मंदावतात. नव्या आरटीएक्स कार्डांवरही डायरेक्टएक्स १२ मध्ये विंडोजच पुढे राहते. यादीत तसेच गेम जास्त असतील आणि कार्ड एनव्हिडियाचे असेल, तर फक्त वेगासाठी लिनक्सवर जाण्यात अर्थ नाही.

जीटी ७१० आणि ७३० वाल्यांनी नीट वाचा. डीएक्सव्हीके २ ला व्हल्कन १.३ लागते, या केपलर कार्डांचा ४७० ड्रायव्हर १.२ वर थांबला आहे. त्यामुळे नव्या प्रोटॉनवर गेम उघडतो आणि लगेच बंद होतो, कसली सूचनाही येत नाही. स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटीखाली प्रोटॉन ७ निवडा, जुने गेम निघतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या एचडी ४६०० वरही व्हल्कन अर्धवट आहे. नुसत्या त्या ग्राफिक्सवर खेळायचे असेल तर विंडोज १० बरे, आणि त्याहून बरे म्हणजे आधी एखादे आरएक्स ५७० शोधणे.

लॅपटॉपवाल्यांना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पंखा, पॉवर मोड, कीबोर्डचे दिवे यांचे कंपनीचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते. असुसच्या लॅपटॉपसाठी असुससीटीएल आहे, बाकी बऱ्याच मॉडेलना काही नाही. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हाळी सुट्टीत गेमिंग सगळ्यात जास्त होते. पंख्यावर ताबा नसलेला लॅपटॉप तेव्हा गरम होऊन स्वतःच वेग पाडतो. डेस्कटॉपवर एएमडी कार्डासाठी लॅक्ट नावाचे साधन टाका. त्यातून पंख्याचा वेग, वॉटची मर्यादा आणि व्होल्टेज तिन्ही बदलता येते. एनव्हिडियाला लिनक्सवर वॉटची मर्यादा घालता येते, पण विंडोजच्या आफ्टरबर्नरसारखी व्होल्टेजची वक्ररेषा ओढता येत नाही. दोन्हीकडे चालणारा सोपा उपाय म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम ६० वर बांधणे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असताना कार्डाला १४० फ्रेम काढायला लावून उष्णतेशिवाय काही मिळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरात किंवा शेजारी माग असेल तर कॅबिनेटची जाळी दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. सुताचा तूस पंख्याच्या पात्यांपेक्षा हीटसिंकच्या पट्ट्यांत जास्त अडकतो आणि बाहेरून दिसत नाही.

ठरत नसेल तर दोन्ही ठेवा, पण वेगळ्या डिस्कवर

एकाच एसएसडीचे दोन भाग करून दोन्ही सिस्टीम बसवता येतात. तसे करू नका. २४० किंवा २५६ जीबीची वेगळी साटा एसएसडी घ्या. विंडोजला हात लागत नाही आणि नको वाटले तर वायर काढली की विषय संपला.

सुरुवातीला विंडोजमध्ये तीन कामे. पहिले, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकून बसवलेल्या नव्या विंडोज ११ मध्ये हे न विचारता चालू झालेले असते, आणि सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती की मागते. दुसरे, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि खालची खूण काढा. ती राहिली तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचायला मिळते. तिसरे, महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर. हे सांगायला नको, पण सगळे टाळतात.

मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लिहा. बॅझाइटची फाइल बरीच मोठी असते, तिला १६ जीबीचा लागतो. बॅझाइटची फाइल उतरवताना साइट कार्डाबद्दल विचारते, खरे उत्तर द्या. एनव्हिडियासाठी वेगळी फाइल आहे आणि ९००-१००० मालिकेसाठी आणखी वेगळी.

दोघांत कोणते? स्टीम उघडायचे, खेळायचे, बाकी भानगड नको, अशांना बॅझाइट. त्यात स्टीम आधीच असते आणि अपडेट पूर्ण प्रतिमेच्या रूपाने येतो. मध्येच वीज गेली तर जुनी प्रतिमा तशीच राहते आणि मशिन तिच्यावरून सुरू होते. मिंटमध्ये अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात आणि टर्मिनल उघडावे लागते. त्यामुळे मिंट घेतलेत तर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (सिस्टीमची आधीची स्थिती परत आणणारे साधन) चालू करा. मिंटचा फायदा असा की अभ्यास, छपाई, मराठी टायपिंग ही रोजची कामे त्यात अंगवळणी लवकर पडतात. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड दोन मिनिटांत चालू होतो. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा, ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्ससाठी नाहीत. कॉलेजसाठी विंडोज लागणारच.

यूपीएस असेल तर त्याचे वॉट बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. आरएक्स ५८० एकटे १८५ वॅटच्या आसपास खाते. प्रोसेसर, बोर्ड आणि मॉनिटर धरले तर गेम चालू असताना वीज गेल्यावर तो किंचाळतो किंवा लगेच मान टाकतो. अपडेट करताना गेम बंद ठेवला तर तोच यूपीएस पुरतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी 'ट्राय' मध्येच फिरून बघा. वायफाय लागते का, आवाज येतो का, ब्लूटूथ दिसतो का. स्वस्त यूएसबी वायफाय डाँगलमधल्या रिअलटेक चिपा इथेच दगा देतात. गेमचा वेग मात्र इथे तपासू नका, मिंटच्या पेनड्राइव्हवर एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर नसतो.

सगळे दिसले की मशिन बंद करा, कॅबिनेट उघडा आणि विंडोजच्या एसएसडीची वायर काढा. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर इन्स्टॉलर बूटची फाइल कधी कधी विंडोजच्या डिस्कवर लिहून ठेवतो, आणि पुढे लिनक्सची डिस्क काढली की मशिन अडते. नव्या डिस्कवर लिनक्स बसवा, एकदा सुरू करून बघा, मग वायर परत लावा. कोणते सुरू करायचे ते बायोसच्या बूट मेनूतून निवडा. बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२.

विंडोज ११ वर व्हॅलोरंटसाठी सिक्युअर बूट चालूच ठेवावे लागते. मिंट, उबंटू, फेडोरा त्यासह चालतात. मिंटवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकताना तो एक पासवर्ड मागतो आणि पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबले तर ड्रायव्हर लोड होत नाही, आणि मग 'लिनक्सवर एनव्हिडिया चालत नाही' अशी ओरड सुरू होते.

स्टीम लावताना

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोनदा दिसते. फ्लॅटपॅक (वेगळ्या कप्प्यात चालणारे पॅकेज) न घेता सिस्टीम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकला दुसरी डिस्क दिसत नाही, फ्लॅटसील या साधनातून परवानगी द्यावी लागते. उबंटूवर स्नॅप या तशाच पॅकेजचे स्टीम टाळा.

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी उघडा. प्रोटॉन 'सगळ्या टायटल्ससाठी' वापरायची खूण जुन्या आवृत्तीत आपण करावी लागते, नव्यात ती आधीच असते. गेम ज्या डिस्कवर ठेवणार ती एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचेच गेम लिनक्समधून चालवू, जागा वाचेल, हा मोह सगळ्यांना होतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कंपॅटडेटा' नावाचे फोल्डर करतो आणि त्यात 'सी' पुढे विसर्गासारखे चिन्ह असलेल्या नावाचे दुवे ठेवतो. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही. गेम सुरू होत नाहीत, आणि पुढे विंडोज डिस्क तपासायला लागली की तिला तिथे दोष दिसतात. जागा कमी असेल तर गेम दोनदा ठेवू नका, कोणता गेम कुठे खेळायचा ते ठरवून टाका.

शंभर-सव्वाशे जीबीचा गेम पुन्हा उतरवायचीही गरज नाही. घरात किंवा मित्राकडे त्याच राउटरवर दुसरा पीसी असेल आणि त्यात तो गेम असेल, तर स्टीमची लोकल नेटवर्क ट्रान्सफर सोय तो तिथूनच घेते. दोन्हीकडे सेटिंग्जच्या डाउनलोड्समध्ये परवानगी द्या. शक्यतो लॅनची वायर लावा. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर त्याच पानावर शेडर प्री-कॅशिंग (चित्रकामाच्या फाइली आधीच उतरवणे) बंद करा, नाहीतर रोजचा डेटा त्यातच जातो. त्याची किंमत म्हणजे गेमच्या पहिल्या अर्ध्या तासात बारीक झटके.

एपिक आणि जीओजीचे गेम हेरोइक लाँचरमधून. एपिकचे फुकट गेम घेणाऱ्यांनी हे टाकाच. सीडीवरचे जुने गेम बॉटल्स या प्रोग्राममध्ये स्वतंत्र बाटली करून चालवून बघा. एखादा गेम साध्या प्रोटॉनवर व्हिडिओ दाखवताना काळा पडत असेल तर प्रोटॉनअप-क्यूटी टाकून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती घ्या. तो प्रश्न बहुधा व्हिडिओच्या कोडेकचा असतो.

गेमपॅड साधारण लावला की चालतो. एक्सबॉक्सचा यूएसबीवर, प्लेस्टेशन ४ आणि ५ चे ब्लूटूथवरही. स्वस्त पॅड ओळखला गेला नाही तर त्याचे मधले बटन काही सेकंद दाबून धरा, तो एक्स-इनपुट आणि डी-इनपुट बदलतो. एक्स-इनपुटवर ठेवा.

नेहमी बिघडते ते

लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी १' हा पर्याय द्या. बोर्डाची बॅटरी बदलायला दुकानात जाऊ नका.

लॅपटॉपवर गेम चालतो पण १५ फ्रेमच्या वर जात नाही, म्हणजे तो इंटेलच्या ग्राफिक्सवर चालला आहे. मिंटच्या एनव्हिडिया प्राइममधून परफॉर्मन्स मोड निवडा, लॉगआउट करून परत या.

लिनक्सवर एएमडी कार्डातून टीव्हीला पूर्ण रंगांसह ४के १२० हर्ट्झ मिळवणे अवघड आहे. एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये द्यायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा.

दोन्हीकडचा वेग ताडायचा असेल तर स्टीमचाच फ्रेम काउंटर दोन्हीकडे लावा. एकच सेव्ह, एकच जागा, एकच सेटिंग, तीनदा. पहिली फेरी धरू नका, शेडर तयार होत असतात. सरासरीपेक्षा सगळ्यात खाली गेलेला आकडा बघा, हाताला झटका त्याचाच बसतो. दुपारी एकाची आणि रात्री दुसऱ्याची चाचणी घेऊ नका. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारच्या आणि रात्रीच्या खोलीतला फरक कार्डाच्या वेगात दिसतो.

आणि विंडोजच ठेवायचे ठरले तर पीसीच्या बिलात विंडोजची वेगळी ओळ आहे का ते विचारा. नसेल तर जे 'टाकून दिले' आहे ते ॲक्टिव्हेटर (विनापरवाना विंडोज चालू करणारा प्रोग्राम) चालवून, अँटीव्हायरस बंद करून टाकलेले असण्याचा संभव मोठा. अशा मशिनवर स्टीमचे अकाउंट उघडण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज लिहा आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने बसवा. लायसन्सची की नंतर टाकता येते. तोपर्यंत कोपऱ्यात पाण्याच्या खुणेसारखी सूचना दिसत राहील, गेम त्यामुळे अडत नाहीत.